खिडकीतली रोपं बाहेर नेली आणि दोन तासांत पांढरी पडली

आळशी_माळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. या विभागात दोन-तीन वर्षं नुसता वाचक म्हणून वावरतोय. पहिला धागा काढतोय तोही रडगाणं गायला, इलाज नाही.

दीड महिन्यापूर्वी एकाच दिवशी सगळं बी ट्रेमध्ये टोकलं. टोमॅटो २४, मिरची १२, वांगी ६, काकडी ६ आणि झेंडू १२. कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं. ट्रे खिडकीत. रोपं काचेकडे माना वळवायची म्हणून रोज संध्याकाळी ट्रे फिरवून ठेवायचो. टोमॅटो चांगले वीतभर झाले. येणारा-जाणारा कौतुक करायचा, मीही करवून घ्यायचो.

काल सकाळी लख्ख ऊन पडलं, वारा नव्हता, थंडी सरली असं वाटलं. दहा वाजता ट्रे उचलून थेट उघड्यावर ठेवला. माती ओली होती, वरून आणखी पाणीही दिलं. बाराला सहज डोकावलो तर काकडीची पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती आणि टोमॅटोचे शेंडे मुडपलेले. घाबरून सगळं आत घेतलं. संध्याकाळपर्यंत टोमॅटोच्या वरच्या पानांवर, शिरांच्या मधल्या भागात, राखाडी-पांढरे चट्टे उमटले. आज सकाळी एका चट्ट्याला बोट लावलं तर पतंगाच्या कागदासारखा कुरकुरला. मिरचीची दोन-दोन पानं गेली, वांग्याच्या पानांच्या कडा करपल्या. झेंडू त्यातल्या त्यात धडधाकट.

पाणी होतं, खत होतं, आणि ऊन तर सगळे म्हणतात हवंच. मग मेली कशाने? की मेलीच नाहीत? टाकून देऊन नवीन बी लावू का?

उगाचच

टाकू नका! एवढंच सांगायला लॉगिन केलं. बाकी जाणकार येतीलच.

खुरपं

पाणी आणि खताचा इथे संबंध नाही. हे उन्हाने भाजलेलं पान आहे. तुमची रोपं जन्मल्यापासून सावलीत होती, फक्त तुम्हाला ती सावली वाटत नव्हती.

आपला डोळा उजेडाच्या बाबतीत फार फसवा. खिडकीशी उभं राहिलं की भरपूर उजेड वाटतो, पण काचेपासून हातभर आत मोजलात तर जेमतेम काही हजार लक्स भरतात. उघड्यावर भर दुपारी हाच आकडा लाखाच्या घरात जातो. साध्या ढगाळ दिवशीही बाहेर दहा हजारांच्या पुढे असतो. त्यात साधी खिडकीची काच अतिनील किरणांतला यूव्ही-बी भाग जवळजवळ सगळा अडवते. म्हणजे तुमच्या रोपाच्या एकाही पानाने हा भाग आजवर पाहिलेलाच नाही. अशा पानावरचा मेणचट थर पातळ राहतो, पान मोठं पण तलम होतं. कमी उजेडात जास्तीत जास्त गोळा करायला घडवलेलं पान ते. त्याच्यावर एकदम दहा-वीस पट उजेड ओतला की आतलं हरितद्रव्य उद्ध्वस्त होतं. पांढरा चट्टा पडतो तो त्यामुळे.

लोंबण्याचं कारण वेगळं. उघड्यावर पानातून पाणी उडायचा वेग एवढा वाढतो की माती चिंब असूनही ट्रेच्या इवल्या कप्प्यातली मुळं पुरी पडत नाहीत. त्यामुळे रोप सुकलेलं दिसलं की आणखी पाणी ओतायचं, ही चूक सगळे करतात.

आता काम. चट्टे पडलेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, ती आशा सोडा. पण तोडूही नका, अर्धं पान हिरवं असेल तर ते अजून पोट भरतंय. प्रत्येक रोपाचा शेंडा बघा. मधला कोवळा कोंब हिरवा आणि ताठ असेल तर रोप जगलं. खत अजिबात नको. किती शेंडे शाबूत आहेत ते मोजून सांगा.

आळशी_माळी (धागाकर्ता)

मोजले. टोमॅटो २४ पैकी १७ शेंडे हिरवे. मिरच्या सगळ्या ठीक वाटतात. वांगी ६ पैकी ५. काकडी ६ पैकी १, आणि तीही रुसलेली. झेंडू सगळे.

दहा-वीस पट! मला वाटलं होतं फार तर दुप्पट.

पानफुटी

माळीभाऊ, अगदी नेमकी हीच गत माझी पहिल्या वर्षी झाली होती, म्हणून सविस्तर लिहिते. घरात वाढवलेलं रोप आणि जमिनीतलं रोप यांच्यामध्ये आठ-दहा दिवसांचा एक टप्पा असतो. नर्सरीवाले त्याला हार्डनिंग म्हणतात, मी रोपं सरावाला नेते असं म्हणते. माझं वेळापत्रक असं:

पहिल्या दिवशी पूर्ण सावलीत तासभर. दुसऱ्या दिवशी सावलीतच दोन-तीन तास. तिसऱ्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास, मग सावली. नंतर रोज तासाभराने ऊन वाढवायचं. सहाव्या-सातव्या दिवशी दुपारचं ऊन पहिल्यांदा दाखवायचं, तेही थोडंसं. रात्री आत. शेवटच्या दोन रात्री बाहेरच, पारा फार खाली जाणार नसेल तर. या दिवसांत पाणी थोडं ताणायचं. पान किंचित मलूल दिसेपर्यंत थांबायचं, पण लोळू द्यायचं नाही.

मी मोबाइलवर गजर लावते. घरचे हसतात.

खुरपं

पानफुटीताईंचं वेळापत्रक बरोबर आहे, पण दिवसभर घरी असणाऱ्यासाठी. नोकरीवर जाणारा माणूस दर तासाला ट्रे कसा हलवणार? तो दुसऱ्या दिवशीच विसरतो आणि दुपारी होरपळ होते.

मी तास मोजत नाही, जागा बदलतो. पहिले तीन दिवस अशा ठिकाणी की तिथे थेट ऊन दिवसभर येतच नाही पण वर आकाश मोकळं आहे. भिंतीची सावलीची बाजू, दाट झाडाखाली, नाहीतर शेडनेटची दुहेरी घडी. पुढचे तीन दिवस एकेरी शेडनेट किंवा सकाळचंच ऊन येणारा कोपरा. मग उघड्यावर. सकाळी निघताना ठेवायचा, संध्याकाळी आल्यावर बघायचा. आणि पहिला दिवस ढगाळ मिळाला तर सोन्याहून पिवळं.

पानफुटी

हे मान्य. पण वाऱ्याचं काय? सावली मिळाली तरी कोपऱ्यावरच्या वाऱ्याने माझी अख्खी रांग आडवी केली होती एकदा.

खुरपं

वारा हवा, पण झुळूक. दोन भिंतींच्या फटीतून शिट्टी वाजवत येणारा नको.

भिंगरी

मस्त चर्चा! खूण म्हणून प्रतिसाद देते आणि एक शंकाही. धागाकर्त्याने लिहिलंय टोमॅटो वीतभर झाले आणि सगळे कौतुक करायचे. दोन पानांमधलं अंतर किती आहे? कारण माझीही वीतभर व्हायची आणि खरं तर ती नुसती लांबलेली असायची. काडीसारखी, फिकट, थोडं हलवलं की वाकणारी.

आळशी_माळी (धागाकर्ता)

पट्टी लावून पाहिलं. खालची दोन पानं आणि वरची दोन यांच्यामध्ये चार बोटं अंतर. खोड आगपेटीच्या काडीएवढं. आता कळलं कौतुक कशाचं होत होतं.

भिंगरी

बघा! उजेड कमी आणि घरातली ऊब जास्त, या दोन्हीने रोप उंच पळतं. ते उजेड शोधत असतं बिचारं. मी आता दिवे वापरते, रोज १४ ते १६ तास, आणि रात्री बंदच. त्यांनाही अंधार लागतो. पूर्वी ट्यूबलाइट होत्या तेव्हा त्या रोपाच्या शेंड्यापासून अगदी बोटभर वर टांगायचे. एलईडी जास्त तीव्र असतात, ते वर ठेवावे लागतात, नाहीतर तिथेच भाजतात. उगवण झाली की उबेची गादी काढून टाकायची. बियाला ऊब हवी, रोपाला नको.

आणि एक गंमत. रोज सकाळी रोपांच्या शेंड्यांवरून तळहात अलगद फिरवायचा, आठ-दहा वेळा, मांजराच्या पाठीवरून फिरवतो तसा. स्पर्शाने आणि हलण्याने रोप बुटकं आणि जाड होतं. ही काही आजीबाईची समजूत नव्हे. वनस्पतिशास्त्रात यावर बराच अभ्यास झालाय आणि व्यावसायिक रोपवाटिकांतही हा प्रकार करतात. पंखा मंद लावला तरी तेच काम होतं. फक्त पानं ओली असताना हात फिरवू नका, रोग पसरतो.

जुना_आयडी

सगळे उपचार सांगताय, मूळ दुखण्यावर कोणी बोलत नाही. एवढ्या लवकर बी लावायची घाई कोणी सांगितली होती?

दरवर्षी हेच. हिवाळा संपत आला की लोकांचे हात शिवशिवतात. मग आठ-आठ आठवड्यांची रोपं खिडकीत कोंबलेली, मुळं कप्प्यात गोल गोल फिरून जाळी झालेली, शेंड्याला फुलं आलेली. आणि हे सगळं जमिनीत लावलं की पंधरा दिवस जागचं हलत नाही. तेवढ्यात शेजाऱ्याने उशिरा लावलेलं पाच आठवड्यांचं बुटकं रोप याला गाठून पुढे जातं. मी स्वतः एकाच वाफ्यात दोन्ही लावून पाहिलंय. घाईच्या रोपाला फळ फार तर चार दिवस आधी आलं, आणि तेही किरकोळ.

आळशी_माळी (धागाकर्ता)

ओरडा मान्य आहे, पण मग किती आठवडे? सगळ्यांचं सारखंच नसणार ना?

जुना_आयडी

नाहीच. तुम्ही सगळं एकाच दिवशी लावलंत हीच दुसरी चूक. बाहेर न्यायच्या दिवसापासून उलटं मोजायचं. टोमॅटो सहा आठवडे, फार तर सात. मिरची आणि वांगं आठ ते दहा, कारण दोघं सुरुवातीला कासवासारखी वाढतात. मिरची तर उगवायलाच दोन-तीन आठवडे घेते कधीकधी, पाव्हण्यासारखी वाट बघायला लावते. कोबी, फ्लॉवर पाच-सहा. झेंडूला सहा पुरे.

काकडी, भोपळा, दोडका या वेलवर्गीयांना तीन आठवड्यांच्या वर ट्रेमध्ये ठेवायचंच नाही. त्यांच्या मुळांना धक्का सोसत नाही. दीड महिन्याची काकडी म्हणजे लग्नाला आलेलं पोर पाळण्यात झोपवल्यासारखं आहे. ती उरलेली एक सोडून द्या आणि माती तापली की जागेवरच बी टोका.

भिंगरी

पाळणा!

सावलीतला

मिरचीबद्दल भर. माझ्या अनुभवात उगवण ऐन थंडीत अडते ती तापमानामुळे. मिरचीच्या बियाला २५ ते ३० अंश हवेत, टोमॅटो २० च्या पुढे आनंदात उगवतो. १५ अंशांच्या गार मातीत मिरचीचं बी तसंच पडून राहतं, कधीकधी कुजतं. लोक म्हणतात बी खराब होतं. मीही एकदा बी विकणाऱ्याशी भांडून आलो होतो. नंतर उरलेलं तेच बी उबेला ठेवलं आणि नवव्या दिवशी उगवलं. परत जाऊन माफी मागायचं धाडस झालं नाही.

अवांतर: माझ्याकडे, दक्षिण गोलार्धात, वसंत सप्टेंबरात येतो, त्यामुळे इथले महिने वाचून मी पहिल्या वर्षी पार चक्रावलो होतो. जुना_आयडी म्हणतात तसं उलटं मोजणं हे कुठेही चालतं.

नवी_पालवी

धागा हायजॅक करत नाही, पण माझी रोपं बाहेर न्यायच्या आधीच मरतायत हो. झेंडू आणि टोमॅटो छान उगवले, दोन पानांवर होते. काल रात्री ठीक, आज सकाळी ट्रेच्या एका कोपऱ्यातली सात रोपं आडवी. पानं हिरवीगार आहेत, चट्टे नाहीत, काही नाही. फक्त मातीच्या जरा वर खोड दोऱ्यासारखं बारीक झालंय, चिमटीत पिळल्यासारखं, आणि तिथे पाणचट तपकिरी दिसतंय. उचललं तर वरचा भाग हातात आला, मूळ मातीतच. हे ऊन तर नाही ना?

खुरपं

नाही. हा रोपं कोलमडण्याचा रोग. मातीतल्या बुरशीचं काम, पिथियम किंवा रायझोक्टोनिया बहुतेक. वर्णन अगदी बरोबर केलंत, मातीलगत चिमटा बसल्यासारखं खोड ही तिची खूण.

पडलेली वाचणार नाहीत. कोपऱ्यातली रोपं मातीसकट चमच्याने काढा, भोवतीची दोन बोटं मातीही काढा, आणि ती ट्रेजवळ ठेवू नका. बाकीच्यांना वरून पाणी देणं बंद. ट्रे खालून पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, वरची माती ओलसर दिसली की उचला, निथळू द्या. त्यानंतर वरचा थर फिकट होईपर्यंत पाणी नाही. झाकण किंवा प्लास्टिक असेल तर आजच काढा, हवा खेळू द्या. दाट उगवली असतील तर विरळणी करा, पण उपटून नको, कात्रीने कापा. उपटताना शेजारच्याचं मूळ हलतं.

ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) लोक वापरतात, मीही वापरतो, पण बी लावतानाच मिश्रणात. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. पुढच्या वेळी ट्रे घासून धुवा आणि गेल्या वर्षीची माती बी लावायला वापरू नका.

नवी_पालवी

खालून पाणी ही गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती. मी तर रोज सकाळ-संध्याकाळ फवारा मारत होते, प्रेमाने. धन्यवाद.

चिंबवणी

उशिरा आलो. सरावाबद्दल बोलणं झालं, लावणीच्या दिवसाबद्दल फारसं नाही, आणि माझ्या मते निम्मी रोपं तिथेच जातात.

आधी रात्रीचं तापमान. दुपारचं ऊन बघून कोणीही फसतो. टोमॅटोला सलग आठवडाभर रात्री १० अंशांच्या खाली जात नसतील तरच जमिनीत जाऊ द्या. मिरची, वांगं, काकडी यांना आणखी दोन-तीन अंश जास्त. थंडीने रोप मरेलच असं नाही, पण थिजतं, आणि थिजलेलं रोप हलायला फार वेळ घेतं. ज्यांच्याकडे दहिवर गोठतं त्यांनी स्वच्छ, निवांत रात्रीला जास्त घाबरावं. ढग नसले आणि वारा पडला की पानं आपली ऊब आकाशाकडे टाकून देतात. डोक्याएवढ्या उंचीवरचा तापमापक ३ अंश दाखवतो आणि जमिनीलगतच्या पानावर बर्फ असतो. ढगाळ रात्री तोच आकडा असेल तर काही होत नाही.

माती वाफशावर हवी. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, बोटाने टोचला की फुटावा. चिखलात लावू नका.

लावायच्या दोन-तीन तास आधी ट्रेला भरपूर पाणी. कोरडा गड्डा उचकटताना मुळं तुटतात. रोप पानाला धरून उचला, खोडाला नाही. पान गेलं तर दुसरं येतं, खोड चिरडलं तर संपलं. खालून काडीने ढकललं की गड्डा अलगद सुटतो. मुळं पांढरी आणि गड्डा हातात न विस्कटणारा, ही उत्तम अवस्था. तपकिरी जाळी झाली असेल तर बोटांनी खालची मुळं थोडी मोकळी करा.

वेळ संध्याकाळची. उन्हात लावलेल्या रोपाला रात्र मिळत नाही सावरायला.

आळशी_माळी (धागाकर्ता)

माझे टोमॅटो लांबलेले आहेत, ते खोल पुरले तर चालतात असं कुठेतरी वाचलंय.

चिंबवणी

टोमॅटोला चालतं, किंबहुना आवडतं. मातीत गेलेल्या खोडाला मुळं फुटतात. खालची पानं काढा आणि शेंड्याकडची चार-पाच ठेवून बाकी खोड पुरा. खोल खड्डा जमत नसेल किंवा खालची माती गार असेल तर आडवी चर काढून रोप तिरपं झोपवा, शेंडा दोन दिवसांत आपोआप वर वळतो. वांगी-मिरचीला त्या मानाने फारसा फायदा नाही, ती ट्रेमध्ये होती त्याच पातळीवर किंवा बोटभर खाली. काकडी अजिबात खोल नको, खोड कुजतं.

आता मुख्य गोष्ट, जी मी तीन वर्षं वाया घालवून शिकलो. ट्रेमधला गड्डा कोकोपीटचा असतो आणि भोवतीची जमीन मातीची. दोघांचा पाण्याशी वागायचा ढंग वेगळा. भोवतालची माती ओली दिसते आणि मधला गड्डा आतून ठणठणीत कोरडा पडतो, कारण रोपाची सगळी मुळं अजून त्याच गड्ड्यात आहेत आणि तीच ते पाणी पितायत. म्हणून पहिला आठवडाभर पाणी थेट बुंध्याशी, गड्ड्यावर द्यायचं. लावल्या-लावल्या एकदा, आणि मग तीन-चार दिवसांनी आंबवणीचं, म्हणजे लावणीनंतरचं दुसरं पाणी. तोवर रोज बोट खुपसून गड्डाच तपासा, भोवतीची माती नव्हे. कोरडा लागला तर तिथेच पेलाभर द्या. आणि गड्ड्याच्या डोक्यावर अर्धा बोट माती ओढून तो झाका. कोकोपीट उघडं राहिलं तर वातीसारखं पाणी बाहेर खेचतं. कागदी किंवा पीटच्या कपासकट लावणाऱ्यांनी कपाची वरची कड फाडून टाका, तीही तेच करते.

भिंगरी

हे! हेच माझं दरवर्षी होत होतं आणि मी उन्हाला शिव्या घालत होते.

पानफुटी

चिंबवणी, आयडीला जागलात.

रातकिडा

लावणीनंतरच्या रात्री बॅटरी घेऊन एकदा चक्कर मारा, एवढंच सांगतो. सकाळी रोप मुळाशी कापून शेजारी पडलेलं दिसलं तर ती कुरतडणारी अळी, भोवतालची माती दोन बोटं उकरलीत की गुंडाळी करून बसलेली सापडते. कोवळ्या पानाला वेडीवाकडी भोकं आणि चकाकणारा ओघळ दिसला तर गोगलगाय. अळीसाठी जाड कागदाची बोटभर रुंद पट्टी खोडाभोवती गोल करून निम्मी मातीत रोवायची. गोगलगायींसाठी माझा उपाय हात आणि डबा.

जुना_आयडी

सराव फार लांबवायचाही नसतो, हे लिहायचं राहिलं. काही लोक तीन-तीन आठवडे पाणी ताणत, गारठ्यात ठेवत रोपं इतकी कणखर करतात की ती कायमची खुरटतात. आठ-दहा दिवस झाले की लावा. कोबी-फ्लॉवरवाल्यांनी तर विशेष सांभाळा. पेन्सिलीएवढ्या जाड बुंध्याचं कोबीचं रोप काही आठवडे १० अंशांखाली राहिलं की त्याला वाटतं हिवाळा होऊन गेला, आणि मग गड्डा धरायच्या ऐवजी फुलोऱ्यावर जातं. त्यांची लहान रोपं थंडी बरी सोसतात.

आळशी_माळी (धागाकर्ता)

बारा दिवसांनी अपडेट. विसरलो नव्हतो.

खुरपं यांची जागा बदलायची पद्धत धरली. तीन दिवस भिंतीच्या सावलीत, तीन दिवस एकेरी शेडनेटखाली, मग उघड्यावर. चौथ्या दिवशी नवीन पान आलं ते बघून मला कळलं तुम्ही काय म्हणत होतात. जुनं पान मोठं, मऊ, फिकट. नवीन पान निम्म्याहून लहान, गडद, आणि चिमटीत धरलं तर जाड लागतं. एकाच रोपावर दोन वेगळ्या झाडांची पानं असल्यासारखी.

१७ टोमॅटोंपैकी ३ वाटेत गेले, १४ राहिले. त्यातले १० परवा संध्याकाळी जमिनीत तिरपे झोपवून लावले. काल दुपारी शेंडे आडवे होते, आज सकाळी सगळे वर बघतायत. गड्ड्यात बोट खुपसून पाहिलं, खरंच कोरडा होता, आणि भोवती चिखल. झेंडू लावले. काकडी सोडली, जागेवर बी टोकलंय. मिरची आणि वांगी रात्री अजून आत घेतोय, कारण पारा ११ ला टेकतोय.

एक नवीन प्रश्न आहेच. न लावलेल्या चार टोमॅटोंची पानं खालून जांभळट झालीत, शिरांच्या कडेने. पुन्हा काही भाजलं का? खत देऊ का?

खुरपं

भाजणं नाही. ते चार कुठे ठेवलेत रात्री?

आळशी_माळी (धागाकर्ता)

बाहेरच, फरशीवर. म्हटलं आता सरावले.

खुरपं

गार फरशीवर मुळं थंड पडली की रोपाला फॉस्फरस ओढता येत नाही, पान खालून जांभळं दिसतं. मातीत फॉस्फरस असतो, मुळांना तो घेता येत नाही एवढंच. खत नको. ट्रेखाली फळी किंवा जाड पुठ्ठा घाला. रात्री उबदार झाल्या की नवीन पानं हिरवी येतील.

आळशी_माळी (धागाकर्ता)

पुठ्ठा घातला. मिरच्या आत आणतोच आहे, तर हे चारही आणले. खिडकीत जागा नव्हती, जेवणाच्या टेबलावर ठेवलेत. घरात आता कौतुक कोणी करत नाहीये.